वेसमायची अर्धी वात

सुभद्रा देवळाच्या पायरीवर वाती वळत बसली होती. फाल्गुन सरत आलेला, होळी होऊन गेलेली, आणि दुपारचं ऊन दीपमाळेच्या पायाशी येऊन थांबलेलं. बाजूला टोपलीत पिंजलेला कापूस, वाटीत चिमूटभर राख, आणि उजव्या हाताचा तळवा मांडीवर पुढेमागे. गुरवाच्या घरात लग्न होऊन आल्यापासून हे काम तिच्या अंगावर होतं. डोळे मिटले तरी हात चालत राहायचे.

हात चालत होते, पण जीव रस्त्यावर होता. अमरावतीला कापूस घेऊन गेलेल्या बैलांच्या बंड्या अजून परतल्या नव्हत्या, आणि त्यांतली एक बंडी तिच्या नवऱ्याची, पुंजारामची होती.

ते दिवसच कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्या तरी मुलखात भाऊबंदांची लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि त्यांच्या भांडणाचं सोनं इकडे वऱ्हाडात उगवलं. कोण भांडतंय, कशासाठी भांडतंय, हे खैरवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांचं भांडण मिटू नये म्हणून देवाला नारळ फोडणारे मात्र निघाले. काल ज्याच्या पायात वहाण नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवून मिरवत होता. बायका विहिरीवर पाणी भरायला कमी आणि हातातले चांदीचे गोठ दाखवायला जास्त येत होत्या.

सुभद्रेचे हात मोकळे होते. गुरवाला देवळाच्या वाट्याचं धान्य मिळायचं, त्यात पोट भरायचं, चांदी येत नव्हती. तिने महिनाभर पुंजारामच्या मागे टुमणं लावलं. "गावातले सगळे जाऊन राहिले. तुमीच काहून घंटा बडवत बसले?" तो आधी हसला, मग वैतागला, आणि शेवटी एक दिवस बंडी जुंपून मोकळा झाला. जाताना गोठांबद्दल हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. तोंड फुगवूनच गेला. ते फुगलेलं तोंड सुभद्रेच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. एवढ्यात वाटेवर हैज्याची साथ सुरू झाल्याची बातमी आली, आणि मग तिला भाकरही गोड लागेना.

खैरवाडी हिवरखेडच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वेसमायचं देऊळ बरोबर वेशीवर, म्हणजे अर्धं गावात आणि अर्धं गावाबाहेर. काळ्या दगडाचं, चुना न लावता बसवलेलं, शिखर कधीच पडून गेलेलं. गाभाऱ्यात मूर्ती नाही. शेंदूर माखलेला दगडी तांदळा आहे, त्याला ना नाक ना डोळे. जुनी माणसं सांगत की पूर्वी घाटातून लमाणांचे तांडे मीठ घेऊन उतरायचे, तेव्हा इथली माणसंही त्यांच्याबरोबर जायची आणि कित्येक परत यायची नाहीत. असाच एका बाईचा नवरा निघाला. तिच्या हातात दिव्याची वात होती. तिने ती मधोमध तोडली, अर्धी त्याच्या पटक्यात खोचली आणि अर्धी मुठीत घेऊन वेशीवर बसली. तो आला नाही. ती उठली नाही. ती बसली होती तिथेच हा तांदळा वर आला म्हणतात. खरं-खोटं वेसमायला माहीत.

रीत मात्र तेव्हापासून चालत आलेली होती. गावातून कुणी लांबच्या वाटेला निघालं की देवळात वात तोडायची. सुरीने कापायची नाही, दोघांनी दोन टोकं धरून तोडायची. दोन्ही अर्ध्यांना बायकोच्या नाहीतर आईच्या लुगड्याचा धागा बांधायचा. एक अर्धी वाटसरूच्या पटक्यात, दुसरी गाभाऱ्याच्या कोनाड्यात. माणूस परत आला की आधी घरी जायचं नाही. वेशीबाहेर दीपमाळेपाशी थांबायचं, दोन्ही अर्ध्या एकत्र वळायच्या, तेलात भिजवून देवीपुढे लावायच्या. ती वात नीट जळून संपली की मग तो आपला. तोवर त्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही. आणि त्याच्याजवळची अर्धी हरवली असेल, तर सोबती येऊन ओळख देईपर्यंत त्याने दीपमाळेखालीच बसायचं, मग पाऊस असो की ऊन.

जो वाटेत मेला त्याचीही वात सोबत्यांनी आणायची. तीही जुळवून लावायची आणि घराच्या उंबऱ्यावर दहीभाताचं ताट ठेवायचं. तो एकदा घरी येतो, ताट बघतो आणि मोकळा होतो.

सुभद्रेची सासू मनकर्णा हे सगळं सांगायची तेव्हा शेवटी आवाज खाली आणायची. "आन् वाटेवर लय असतात, सुभद्रे. ज्याईची वात कोनं राखली नाही असे. ते चेहरा धुंडत असतात. कोनाची जागा घरात रिकामी दिसली, की त्याचं तोंड घालून येतात…"

हे सगळं आठवत सुभद्रा वात वळत होती, आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की पिंपळावरची पाखरं गप्प झाली आहेत. दीपमाळेच्या सावलीत पडलेलं कुत्रं उठलं. भुंकलं नाही. शेपूट पायांत घालून गावाकडे निघून गेलं. वारा नव्हता, तरी कुठून तरी ओल्या सरकीचा कुबट वास आला.

तिने मान वर केली. दीपमाळेच्या पलीकडे, वेशीबाहेरच्या अंगाला, पुंजाराम उभा होता.

"सुभद्रे, आलो मी. पानी दे."

टोपली लवंडली. कापूस पायरीवर सांडला. सुभद्रेला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन पायऱ्या उतरल्यावर तिला रीत आठवली. ती थांबली. "आधी वात," ती म्हणाली. "वात द्या, मग पानी."

त्याने पटक्याला हात लावला, चाचपलं, आणि रिकामा तळवा पुढे केला.

"पडली? कुठी पडली? नदीत?"

तो नुसता बघत राहिला.

"नत्थुजी भावजी कुठी हायेत? बंडी कुठी हाये?"

"मागून येऊन राहिले," तो म्हणाला.

म्हणजे पुंजारामच्या सोबत गेलेला नत्थुजी येईपर्यंत याला इथेच बसवायचं. सुभद्रेने त्याच्याकडे पाहिलं. ओठ सुकून पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले. याला आपणच धाडलं होतं, चार तोळे चांदीसाठी. आणि आता हा घोटभर पाणी मागतोय, तर आपण त्याला उन्हात बसवणार. 

देवळाबाहेरच्या कुठल्याही बाईची पुढची गोष्ट करायची छाती झाली नसती. पण जी रोज देवीला न्हाऊ घालते, शेंदूर लावते, तिचा निवद उतरवते, तिला देवीची भीड राहत नाही. घरच्या म्हातारीपासून गूळ लपवावा तसं तिला वाटतं. सुभद्रेने पायरीवरची एक नवी वात उचलली आणि एकटीनेच तोडली. आपल्या लुगड्याच्या लाल काठाचे दोन धागे ओढून दोन्ही तुकड्यांना बांधले आणि तेच पुन्हा एकत्र वळले. कोनाड्यातल्या खऱ्या अर्धीला तिने हात लावला नाही. नत्थुजीला हरवलेली सापडली, तर ती मागाहून रीतसर लावू, असा तिने मनाशी हिशेब केला. "माय, समजून घेजो व," ती पुटपुटली आणि तिने वात पेटवली.

ज्योत धरली. पण तेल तडतडलं नाही, धूर निघाला नाही, जळाल्याचा वास आला नाही. वात संपली तेव्हा पणतीला काजळीसुद्धा नव्हती. सुभद्रेने ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं केलं.

"या," ती म्हणाली. पुंजाराम वेशीच्या आत आला.

घरी मनकर्णा ओसरीवर बसलेली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. लेकाचा आवाज ऐकून तिने हात पुढे केले, त्याच्या तोंडावरून फिरवले, दोन्ही गालांवरून बोटं मोडली. मग त्याला खाली बसवून त्याचे पाय मांडीवर घेतले आणि चेपू लागली. चेपता चेपता तिचे हात थांबले. बराच वेळ थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"थकला रे माह्या बाप्पा," ती म्हणाली.

सुभद्रेने गावात कुणाला सांगितलं नाही. सोबत्यांच्या आधी हा आत कसा आला, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होती? आणि त्यालाही बाहेर जायची हौस दिसत नव्हती. तो माजघरात, कणगीमागच्या अंधारात, भिंतीला टेकून बसून असायचा. पाणी सारखं मागायचा. सुभद्रा तांब्या द्यायची, घटाघट पिण्याचा आवाज ऐकायची, आणि पुन्हा भरायला गेली की रांजण तसाच काठोकाठ असायचा. गोठ्यातली गाय दोर ताणून भिंतीला लागलेली असायची, पान्हवत नव्हती. ओल्या सरकीचा वास घरातून जात नव्हता. सुभद्रेने दोनदा सारवलं, धूप घातला. वास धुपाच्या वर तरंगत राहिला.

पण यातलं काहीही तिने मनावर घेतलं नसतं. एकच गोष्ट तिला टोचत होती.

ती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या सारून चूल पेटवायची, भाकर थापायची, आणि आतून आवाज यायचा, "भाकर जराशी करपू दे व, मले आवडते." हे तो नेहमीच म्हणायचा. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच सुरात. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं की 'जराशी' म्हटल्यावर तो आवंढा गिळतो तोही त्याच ठिकाणी.

"अमरावती कशी हाये वो?" तिने विचारलं. "लय मोठी हाये म्हनतात."

आत शांत.

"आपले बैल कसे हायेत?"

"मागून येऊन राहिले."

शेतातून घरी येताना तो नेहमी पुढे चालत यायचा, आणि बैल कुठे आहेत विचारलं की हेच म्हणायचा. भाकरीचं तेही जुनं. पाणी दे, तेही जुनं. सुभद्रेचा हात तव्यावर थांबला. आल्यापासून या माणसाने जे जे म्हटलं होतं, ते सगळं या घरात आधी म्हणून झालेलं होतं. नवीन एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

भाकर करपली, जराशी नव्हे, पार काळी झाली. तिने तीच ताटात वाढली. तो काही बोलला नाही.

आणि त्याच दिवशी, दिवेलागणीला, बाहेरून हाक आली.

सुभद्रा भिंतीतल्या देवळीतला दिवा लावत होती. आवाज वेशीकडून आला. लांबून, घसा बसलेल्या माणसाने ओढून काढावा तसा.

"सुभद्रे…"

तिच्या हातातली काडी विझली. तो पुंजारामचा आवाज होता. ओसरीवर मनकर्णेने मान वर केली आणि कान दिला.

"सुभद्रे… वात…"

 आपला नवरा आत बसला आहे, त्याच्या श्वासाचा आवाज आपल्याला ऐकू येतोय… मग वेशीबाहेर त्याच्या आवाजात कोण बोलतंय? कळत नकळत तिचं पाऊल दाराकडे पडलं. आणि कणगीमागच्या अंधारातून, अगदी हळू, आवाज आला.

"जाऊ नोको."

 हे शब्द या घरात कधी कुणी म्हटले नव्हते. जायची पाळी नेहमी त्याची असायची; तिला अडवायची वेळ कधी आलीच नव्हती. आल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला नवीन शब्द होता.

आत कोण आणि बाहेर कोण? मन म्हणत होतं, जा, बघून ये. पण दिवेलागणीच्या हाकेला ओ देऊ नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि आतला तर तिच्या डोळ्यांनी पाहिलेला, तिने स्वतः वात लावून आणलेला. आतला खोटा मानायचा, तर आपलीच करणी खोटी मानावी लागत होती. ते तिच्याने झालं नाही. तिने दार ओढून घेतलं आणि अडसर घातला. बाहेरची हाक आणखी एकदा आली, मग थांबली. मनकर्णेने तोंडावर पदर घेतला. सुभद्रेला वाटलं, म्हातारी घाबरली.

मग रोज दिवेलागणीला ती हाक यायची. रोज थोडी आणखी बारीक, आणखी थकलेली. सुभद्रा देवळात पूजेला जायची ती भर उन्हात, आणि कोनाड्याकडे पाठ करून पूजा उरकायची. त्या कोनाड्यात लाल धाग्याची अर्धी वात तशीच पडून होती.

आणि एके दिवशी दुपार कलताना घुंगरांचा आवाज आला. बंड्या परतल्या.

सारं गाव वेशीवर लोटलं. वाती निघाल्या, धागे जुळले, एकेक वात देवीपुढे तडतडून जळू लागली. बायका डोळे पुसून हसत होत्या. पोरं बंड्यांवर चढली. या सगळ्यांतून सुभद्रेचे डोळे एकालाच शोधत होते, आणि नत्थुजी तिची नजर चुकवत होता. गर्दी पांगली तेव्हा तो दीपमाळेपाशी एकटा उरला. त्याच्या डोक्याला पटका नव्हता.

"वैनी," तो म्हणाला, "पुंजाभाऊ गेला."

सुभद्रेने मान वळवून घराच्या दिशेने पाहिलं.

"येतानी, पूर्णेच्या काठावर. सकाळी हैजा लागला, सांजेले संपलं. होळीच्या आदल्या दिवशी. तथीच अग्नी देला." त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. त्यावर लाल धागा बांधलेली अर्धी वात होती. "जाता जाता हेच म्हने. वात सुभद्रेले देजो. तिनं लावली की मी घरी येतो…"

होळीच्या आदल्या दिवशी. आणि दीपमाळेपाशी तो उभा राहिला तो होळीनंतर. सुभद्रेने दीपमाळेचा दगड धरला.

"आनखी एक हाये, वैनी. गोठ घेतले होते त्यानं तुमच्यासाठी, अमरावतीच्या बाजारात. कोनाले सांगू नोको म्हने, मी माह्या हातानं घालीन. कमरेले बांधून होते. आमी काढले नाही… हैज्याच्या मानसाचे कपडे सोडाची हिंमत नोयती कोनाची. त्याच्यासंगच जळाले. माफ करजा."

सुभद्रेच्या तोंडून शब्द आले ते तिचे तिलाच ऐकू गेले नाहीत.

"ते घरी हायेत."

"कोन?"

"तेच… म्या वात लावून आत घेतलं. तुमच्या आधी."

नत्थुजीने वेशीच्या आतल्या रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो एक पाऊल मागे सरला. "वैनी," तो कुजबुजला, "मग सुरुवातीचे दोन-तीन दिवस सांजेले वाटेनं आमच्या पुढं पुढं कोन चालत होतं? बैल बिचकत होते. आमाले वाटलं, पुंजाभाऊ घरी जाऊन राहिला…"

सुभद्रेला सगळं एकदम कळलं. वेशीबाहेरची ती हाक. ते 'वात' म्हणणं. घसा बसेपर्यंत तो हाका मारत राहिला, आणि आपण अडसर घातला. ती गाभाऱ्यात धावली, कोनाड्यातली अर्धी काढली, दोन्ही अर्ध्या एकत्र वळल्या. घाईत धागे दोनदा सुटले. तिने वात तेलात बुडवून पेटवली.

वात तडतडली. काळा, घरगुती धूर निघाला. करडईच्या तेलाचा वास आला, आणि त्या वासात मिसळून आला त्याच्या तंबाखूचा वास, आणि चितेच्या राखेचा. वेशीबाहेरून एक गार झुळूक आली, तिच्या पदराला लागली, क्षणभर तिथे रेंगाळली, आणि गावात गेली. घराच्या दिशेने.

"घरी तर तो हाये!" सुभद्रा ओरडली आणि धावत सुटली. नत्थुजी मागे आला, पण अंगणाच्या कुडापाशी येऊन थांबला तो थांबलाच.

दिवस बुडत होता. ओसरीवर मनकर्णा बसली होती. तिच्यापुढे, उंबऱ्याच्या बाहेर, दहीभाताचं ताट ठेवलेलं होतं.

"आत्याबाई… हे ताट?"

"बंड्यांचे घुंगरू आयकू आले," मनकर्णा म्हणाली. "त्याचे बैल होते, पन हाकनारा तो नोयता."

"तुमाले मालूम होतं?"

"पुंजाच्या डाव्या टाचेले फाळ लागला होता लहानपनी. बोट जाईल एवढी खूण हाये. ह्याची टाच साफ हाये. पहिल्याच दिवशी समजलं मले."

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

 मनकर्णेच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वाटलं, चेहरा तर त्याचा हाये. आवाज तर त्याचा हाये. राहू दे…"

"आला होता का? आत्ता…"

"आला. अथी उभा राहिला, उंबऱ्यापाशी. टाच घासत चालतो ना तो, तसाच आला. मी म्हटलं, ये बाप्पा. मंग आतून ते उठलं. दोघं समोरासमोर उभे राहिले. मले दोघांचे श्वास आयकू येत होते…"

"मंग?"

"मंग एक जन निघून गेला."

"कोन? आत्याबाई, कोन गेलं?"

"मले दिसते का, बाई?"

सुभद्रा खाली बघत राहिली. दहीभाताला बोट लागलेलं नव्हतं. पण ताटाच्या बाजूला, उंबऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, काहीतरी काळं पडलेलं होतं. तिने वाकून हात लावला. दोन गोठ होते. आगीत काळे झालेले, एका बाजूला थोडे वितळलेले. आणि अजून ऊन होते.

तो आला होता. स्वतःच्या हाताने घालीन म्हणाला होता. आपली जागा भरलेली पाहून त्याने ते उंबऱ्यावर ठेवले आणि निघून गेला. सुभद्रेने गोठ छातीशी धरले आणि ती तिथेच, अंगणात, मोठ्याने रडली. नवरा मेल्याचं रडणं तिला तेव्हा आलं.

आणि आतून, कणगीमागून, आवाज आला.

"भाकर जराशी करपू दे व, मले आवडते."

त्या दिवसापासून तो कुणाला दिसला नाही. नत्थुजीने गावातली माणसं गोळा करून आणली, कणगी हलवली, कोपरे झाडले. आत ओल्या सरकीच्या वासाखेरीज काही नव्हतं. सुभद्रा विधवा झाली, कुंकू पुसलं, सुतक पाळलं. पण घर तिने सोडलं नाही. मनकर्णा उंबरा ओलांडायला तयार नव्हती, आणि देवळाचं काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची सुभद्रेला लाज वाटत होती. ती रोज एक भाकर जास्तीची थापायची आणि करपू द्यायची. शेजारच्या बायकांनी विचारलं की म्हणायची, "मागतात."

समुद्रापलीकडची लढाई मिटली, कापूस घसरला, बैलांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. सुभद्रेचे गोठ मात्र राहिले. विधवेने दागिना घालायचा नसतो, पण तिला अडवायला कुणी गेलं नाही. देवळाच्या पायरीवर बसली की ती ते काळे गोठ हातात घालायची, वाती वळायची, वेशीबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहायची. घरी निघताना काढून कोनाड्यात ठेवायची, जिथे एकेकाळी अर्धी वात होती तिथे.

नत्थुजीने एकदा विचारलं, "वैनी, घरी काहून नाही नेत?"

"आतल्याले मालूम नाही हे," ती म्हणाली. "त्याची एवढी एकच गोष्ट माह्यापाशी उरली हाये, जी त्याले मालूम नाही."

मग एका दुपारी ती वाती वळून घरी आली. गोठ कोनाड्यात ठेवलेले होते, मनगटं मोकळी होती. तिने उंबऱ्यात पाय धुतले आणि आत पाऊल टाकलं. चूल थंड होती, मनकर्णा ओसरीवर झोपली होती. घरात अगदी शांत होतं.

"सुभद्रे…"

ती थांबली. आवाज थांबला. मग तो पुन्हा आला, आवंढा न गिळता, हळू, नवीन.

"…हात दाखव."